सभासदाचा नवरा

विमा कंपनीकडून आलेल्या यादीत सचिवांचं नाव होतं, पण ते तिसऱ्या रकान्यात होतं. पहिल्या रकान्यात 'सभासद' म्हणून त्यांच्या बायकोचं नाव होतं, दुसऱ्यात तिचं वय होतं, आणि तिसऱ्यात 'अवलंबित व्यक्ती' या मथळ्याखाली मोठी मुलगी, सचिव आणि धाकटा मुलगा अशी तिघं वर्णानुक्रमाने नांदत होती. सचिवांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्म्यात काही दोष नव्हता.

सचिव म्हणजे गुंतवणूक सल्लागार संघाचे सचिव. लोकांनी आपले पैसे कुठे ठेवावेत हे सांगणाऱ्या एकशे बारा जणांचा हा संघ. स्वतःच्या सभासदांसाठी एखादा गटविमा पदरात पाडून घ्यावा म्हणून सचिवांनी चौदा महिने विमा कंपनीचे उंबरे झिजवले होते. एकट्यादुकट्याने विमा मागितला की कंपनी रक्त तपासते, लघवी तपासते आणि आजोबा कशाने गेले ते विचारते. एकशे बारा जण एकदम गेले, की "बसा" म्हणते. गटविम्याचं सगळं मर्म या एका शब्दात आहे.

सचिवांची धडपड निव्वळ समाजसेवा होती असं मात्र नाही. त्यांच्या आईचा उजवा खुबा कामातून गेला होता. खुर्चीतून उठताना त्या आधी देवाचं, मग सचिवांच्या वडिलांचं नाव घेत, आणि तरीही खुर्चीतच असत. डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितला होता आणि दहा तारीख दिली होती. पण शहात्तराव्या वर्षी विमा कोण देतो? गटविम्यात मात्र सभासदाचे आई-वडील ऐंशीपर्यंत, कुठल्याही तपासणीशिवाय, जुन्या दुखण्यासकट, पहिल्या दिवसापासून! हे कलम सचिवांनी अक्षरशः कंपनीच्या घशात हात घालून काढलं होतं. बदल्यात काहीतरी सोडावं लागणार होतं. ते त्यांनी मोठ्या मनाने सोडलं. सासू-सासरे.

"सासू-सासरे वगळा की हप्ता कमी झालाच म्हणून समजा!" असं त्यांनी सर्वसाधारण सभेत जाहीर केलं, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला होता. दोघेजण तर उभे राहिले होते.

सचिवांनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे नेहमीच्या अधिकारी बाई होत्या. या बाईंचा आवाज इतका गोड होता की त्यांनी नकार दिलाय हे माणसाला फोन ठेवल्यावर कळायचं.

"बाई, यादीत मोठी गफलत झालीये. माझ्या जागी माझी बायको पडलीये."

"तुमच्याच नोंदवहीवरून केलीये यादी, साहेब. ज्याच्या नावावर परवाना तो सभासद. तुमच्या संघाच्या घटनेतलं चौथं कलम."

"ती घटना मीच लिहिलीये हो!"

"छान लिहिलीये. संदिग्ध असं काही नाहीच."

आणि मग सचिवांना अठरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. तेव्हा ते एका कचेरीत नोकरीला होते, आणि नोकरी करणाऱ्याला जोडधंद्याचा परवाना मिळत नसे. म्हणून परीक्षेला बायको बसली. दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन सचिव बाहेर जिन्यात बसले होते. पुढे नोकरी सुटली, धंदा वाढला, परवाना मात्र जिथल्या तिथे राहिला. दर तीन वर्षांनी सचिव कागद पुढे करत आणि बायको एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने सही करी.

त्यांनी नोंदवही काढली. एकशे बारा सभासदांपैकी चौसष्ट बायका! कोणाची नोकरी आडवी आली होती, कोणाला कर वाचवायचा होता, आणि एकजण स्वतः परीक्षेत चार वेळा आपटल्यावर बायको पहिल्या झटक्यात पास झाली होती. संघाच्या सभेत मात्र आजवर एकही बाई दिसली नव्हती. चौसष्ट सभासद अठरा वर्षं सतत गैरहजर होते आणि त्यांच्या जागी त्यांचे नवरे बसून बिस्किटं खात होते.

"ते असू दे," सचिव फोनवर म्हणाले. "माझ्या आईचं काय? दहा तारखेला ऑपरेशन आहे."

"सभासदाच्या आई-वडिलांना विमा आहेच की. तुमच्या आई सभासदाच्या कोण लागतात?"

जगातली जवळजवळ प्रत्येक आई कोणाची ना कोणाची सासू असते, ही साधी गोष्ट चौदा महिन्यांत एकदाही त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

"सासू," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"सासू-सासरे तुम्हीच काढायला लावलेत, साहेब. तुम्ही पाठवलेल्या इतिवृत्तात टाळ्यांचीसुद्धा नोंद आहे."

"परवाना आजच्या आज माझ्या नावावर करतो!"

"करा ना. फक्त नव्या सभासदाला वर्षभर थांबावं लागतं. उपरे लोक घुसू नयेत म्हणून तुम्हीच आग्रह धरला होतात."

सचिवांना प्रथमच आपल्या वाटाघाटींच्या कौशल्याची धास्ती वाटली. या माणसाने एकही फट ठेवली नव्हती.

एक फट होती. ती बाईंनीच दाखवली. नवरा कुठलाही कामधंदा करत नसेल आणि पोटापाण्यासाठी पूर्णपणे बायकोवर अवलंबून असेल, तर त्याचे आई-वडील हे सभासदाचेच आई-वडील धरावेत, असं एक बारीक अक्षरातलं कलम कंपनीने दयाबुद्धीने राहू दिलं होतं. फक्त नवऱ्याने तसं लिहून द्यायचं, आणि कंपनीचा माणूस घरी येऊन खात्री करणार.

"म्हणजे मी रिकामटेकडा आहे असं लिहून देऊ?"

"आमच्या फॉर्मवर 'निरुद्योगी' आहे," बाई म्हणाल्या. "पण अर्थ तोच."

सचिव तडक अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष नऊ वर्षं बिनविरोध निवडून येत होते, कारण विरोध केला की ते भाषण करत. यादी पाहून त्यांनी आधी पाणी मागवलं, मग पंखा वाढवायला सांगितला.

"सचिव, यात माझं नावच नाहीये! अवलंबितातसुद्धा नाहीये!"

"तुमचा परवाना कोणाच्या नावावर आहे?"

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बायकोलाही नोकरी होती हो तेव्हा..."

"मग?"

"सासूबाईंच्या."

सचिव मटकन खालीच बसले. अध्यक्ष आणि त्यांच्या सासूबाई यांच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं, हे सगळ्या संघाला माहीत होतं. सासू-सासऱ्यांना वगळण्याच्या ठरावावर जे दोघे उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्यातले एक अध्यक्ष होते.

"आता त्यांना फोन करावाच लागणार," सचिव म्हणाले.

"मघाशी त्यांचाच आला. कंपनीचं पत्र त्यांनाही गेलंय." अध्यक्षांचा आवाज पार बसला होता. "त्यांनी नऊ वर्षांची इतिवृत्तं मागवलीयेत. वाचून दाखवायला मलाच बोलावलंय. रोज चार ते सहा."

घरी आल्यावर सचिवांनी यादी आणि फॉर्म बायकोपुढे ठेवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने यादी वाचली, टॉवेल खाली ठेवला, यादी पुन्हा वाचली.

"अहो, मी गुंतवणूक सल्लागार आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"अठरा वर्षं झाली."

ती पलंगावर टेकली. "आणि मी अठरा वर्षं सगळ्यांना सांगत्येय की मी घरीच असते, काही करत नाही. तुमच्या त्या मावशींनी लग्नात चारचौघांत विचारलं, तेव्हा मान खाली घालून सांगितलं हो मी!"

"अगं, कागदोपत्री आहेस तू फक्त."

"परीक्षा कागदावरच दिली होती. एक्क्याण्णव मिळाले होते. पेढ्यांचे पैसे वाचवायला तुम्ही ते कोणाला सांगितलं नाहीत." तिने फॉर्म उचलला आणि मोठ्याने वाचू लागली. "'मी, खाली सही करणार, कोणताही उद्योग, व्यवसाय वा उपयुक्त काम करीत नाही...' उपयुक्त काम! हे छान लिहिलंय."

"आईच्या खुब्यासाठी करतोय मी हे. हसतेस काय?"

"मी कुठे हसतेय? मला धक्का बसलाय," ती म्हणाली, आणि टॉवेलात तोंड खुपसून बराच वेळ धक्का सोसत राहिली.

सचिवांनी सही केली. बायकोने खाली सभासद म्हणून सही केली. या वेळी मात्र आधी सगळं वाचून, दोन ठिकाणी शंका विचारून.

खरी अडचण पुढेच होती. तपासणीला येणारा माणूस आईशी एकांतात बोलणार होता. ज्येष्ठांवर घरच्यांचा दबाव नसावा, म्हणून हेही कलम होतं. ते कोणी घालायला लावलं होतं, हे विचारायची आता सचिवांची हिंमत नव्हती.

आणि आई म्हणजे! मुलाच्या मोठेपणाची जाहिरात त्या गेली अठरा वर्षं फुकट करत होत्या. दूधवाल्यापासून खुब्याच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की माझा मुलगा असातसा नाही, शहाणीसुरती माणसं त्याला विचारल्याशिवाय पैशाला हात लावत नाहीत. क्ष-किरण फोटो काढताना हलू नका म्हटलं, तर त्या न हलता तेच सांगत होत्या.

"आई, फक्त एवढंच म्हणायचं. 'माझा मुलगा काही करत नाही.'"

"मी? माझ्या तोंडाने? जीभ झडेल माझी!"

"खुबा बदलायचाय ना?"

"नको मला खुबा. लंगडत जाईन वर. पण पोराची अब्रू वेशीला टांगणार नाही."

शेवटी सूनबाई मध्ये पडली. "आई, चार पावलं चाललात तरी मला पुरे. त्या माणसापुढे एकदा म्हणायचं आणि विसरून जायचं. मी नाही का अठरा वर्षं म्हणत होते माझ्याबद्दल? काही झडलं का माझं?"

हे आईंना पटलं. मग दोन दिवस तालीम झाली. आई डोळे मिटून, औषधाचा कडू घोट घ्यावा तशा म्हणत, "माझा मुलगा काही करत नाही," आणि लगेच डोळे उघडून, "पण फार हुशार आहे हो!"

"ते पुढचं नको, आई!"

"मग उगाच काहीतरी अर्धवट वाटतं बघ."

चार तारखेला सकाळी अकराला अधिकारी बाई स्वतःच आल्या. दारावरची सल्लागाराची पाटी आदल्या दिवशीच काढून पलंगाखाली गेली होती. बैठकीच्या खोलीतलं टेबल, फायली, फोन सगळं हलवून बायकोच्या हाताशी मांडलं होतं. सचिव कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत चुरगळलेला पायजमा घालून रिकामटेकडे बसले होते. नुसतं बसायचं हे काम सोपं वाटतं, पण सवय नसली की हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. त्यांनी ते आधी मांडीवर ठेवले, मग डोक्यामागे, आणि शेवटी एक उशी धरून बसले.

बाईंनी पहिला प्रश्न विचारण्याच्या आतच निवृत्त मास्तर आत शिरले. हे सचिवांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. हातात वर्तमानपत्र, कपाळावर घाम.

"सचिव! सगळं कोसळतंय म्हणे! काढून घेऊ का माझे?"

बाईंनी पेन उघडलं. सचिवांनी उशी घट्ट धरली. जिभेवर आलेलं उत्तर त्यांनी गिळलं, तेव्हा त्यांच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज निघाला.

"मला काय कळतंय यातलं?" ते म्हणाले.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, सोळा वर्षं माझी सगळी पुंजी तुमच्या सांगण्यावर ठेवलीये मी!"

"मी काही करत नाही हो, मास्तर. मी असाच बसलेला असतो."

मास्तर भिंतीला टेकले. हळूहळू खाली घसरायला लागले, तशी बायको उठली आणि तिने त्यांना खुर्चीत बसवलं.

"मास्तर, इकडे बघा. तुम्हाला हे पैसे कधी लागणारेत?"

"नातीच्या शिक्षणाला. पाच वर्षांनी."

"मग आज वर्तमानपत्र वाचून काय करताय? पाच वर्षांनी वाचा. घरखर्चाचे वेगळे ठेवलेत ना? त्यांना धक्का नाही. बाकीच्यांकडे बघूच नका. आणि ते नको त्या वाहिन्या बघणं बंद करा."

सचिव थक्क झाले. हा शब्दन् शब्द त्यांचा होता. गेली अठरा वर्षं ते तो बैठकीच्या खोलीत म्हणत आले होते आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. मास्तरांनी घाम पुसला.

"आता कसं समजलं! तुम्ही सांगता तेव्हा असं समजत नाही हो," ते सचिवांना म्हणाले, "तुम्ही मध्ये फार टक्के घालता." आणि जाताना त्यांनी दोन्ही हात जोडले, ते आरामखुर्चीच्या दिशेने नव्हते.

बाईंनी बरंच काही लिहिलं, आणि त्या आईंच्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं, पण पूर्ण बसलं नाही. पावसाळ्यात फुगल्यापासून ते बसतच नव्हतं. सचिव उशीसकट भिंतीला चिकटले. बायको त्यांच्या मागे.

"आजी, तुमचा मुलगा काय करतो?"

सचिवांनी डोळे मिटले. दहा तारीख, ऑपरेशन, खुबा, सगळं या एका वाक्यावर लटकलं होतं.

"सल्ला देतो," आई अभिमानाने म्हणाल्या.

संपलं! सचिवांच्या हातातून उशी गळून पडली. बायकोने त्यांचा दंड धरला.

"कोणाला देतो सल्ला?"

"कोणालाही. त्याचा स्वभावच तसा आहे लहानपणापासून. चौथीत होता तेव्हा मुख्याध्यापकांना दिला होता."

"त्यांनी मानला?"

"छे! शाळेतून काढलं."

"आता लोक मानतात का त्याचा सल्ला?"

"ऐकतो कोण, बाई? तो सांगतो थांबा, ते विकतात. तो सांगतो विका, ते थांबतात. मग सगळे येतात आणि त्याच्याशी भांडतात. हा बापडा ऐकून घेतो."

"तुम्ही मानता?"

"मी त्याची आई आहे. मी कशाला मानू?"

"दिवसभर काय करतो मग?"

"बसतो. फोनवर बोलतो. पडद्यावर त्या लाल-हिरव्या रेघा वरखाली जातात, त्या बघत राहतो. एकदा मी विचारलं, अरे या रेघा उद्या कुठे जाणार? तर म्हणाला, ते कोणालाच सांगता येत नाही. मग म्हटलं, बघतोस कशाला? तर रागावला."

"पेन्शन वगैरे? कसला उद्योग?"

"हा उद्योगच समज ना तू," आई कळवळून म्हणाल्या. "पोर फार गुणी आहे गं. दारू नाही, पत्ते नाहीत. सून मात्र पहाटेपासून राबते माझी. ती आहे म्हणून घर चाललंय, हे कोणीही सांगेल."

पेनची खरखर बराच वेळ ऐकू आली. मग बाई वाचून दाखवू लागल्या. "'अर्जदाराच्या पतीस कोणताही उद्योग असल्याचे आढळले नाही. माता समजूतदार असून मुलाची उणीव झाकण्याचा प्रयत्न करते. सहानुभूतीने विचार व्हावा.' इथे अंगठा किंवा सही, आजी."

"सही. मी काय अडाणी आहे?"

बाहेर आल्यावर बाईंनी सचिवांकडे पाहिलं. चौदा महिने ज्याच्याशी कलमाकलमाला भांडल्या, त्या माणसाकडे त्यांनी पहिल्यांदाच असं ओल्या डोळ्यांनी पाहिलं. "मंजुरी उद्या येईल," त्या म्हणाल्या. "आणि, साहेब, मनाला लावून घेऊ नका. बाहेर फिरत जा थोडं." मग त्या बायकोकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "माझेही थोडे पडलेत बँकेत. शनिवारी आले तर चालेल?"

त्या जिना उतरल्या. सचिव आईच्या खोलीत गेले. त्यांना रडावं की हसावं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आईचे पाय धरले.

"आई! काय अभिनय केलास! मी तर हादरलोच होतो. पण सगळं निभावून नेलंस गं!"

आईंनी त्यांच्याकडे टकामका पाहिलं. मग त्यांचा हात एकदम कपाळावर गेला.

"अगं बाई! तू शिकवलेलं ते वाक्य म्हणायचं राहूनच गेलं की रे! बोलण्याच्या नादात सगळं खरं तेच सांगत बसले. जा, पळ, जिन्यातच असेल ती. हाक मार तिला!"